तिथीनं की तारखेनं?

२५ डिसेंबर २०१७. सोमवार, त्यात नाताळची सुट्टी, आणि मी सकाळी उठून दोन किलो गाजरं किसत बसले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात वर नाताळ होता आणि खाली बारीक अक्षरांत ‘गुरु गोविंदसिंह जयंती’. समोरच्या फ्लॅटमध्ये बीजींना राहायला येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला, सून नोकरीला, आणि पंजाबातलं घर बंद करून आलेल्या बीजी दिवसभर दाराची साखळी लावून, दार मात्र चार बोटं उघडं ठेवून बसायच्या. शेजारधर्म दाखवायला याहून चांगला मुहूर्त कुठला? अकराच्या सुमाराला गरम हलव्याचा डबा घेऊन मी त्यांची बेल वाजवली आणि आदल्या रात्री पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “बीजी, लख लख वधाइयाँ!” बीजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला. “आ पुत्त, बैठ.” आत सोफा भिंतीला सरकवलेला होता. फरशीवर सतरंजी, सतरंजीच्या कडेला गुंडाळलेल्या दोन रजया. टीव्हीवर कीर्तन लागलं होतं, पण आवाज इतका बारीक की तबल्याचे बोल तेवढे कळत होते. डबा त्यांनी उघडलाच नाही. ओट्यावर ठेवला आणि त्यावर रुमाल टाकला. मग मला चहाचं न विचारता पेलाभर गरम दूध आणून दिलं. पंजाबी घरात चहाचं विचारत नाहीत म्हणजे काय, मला वाटलं पत्ती संपली असेल. दूध पिऊन उठले तेव्हा दाराशी येऊन त्या हळूच म्हणाल्या, “पुत्त, अज्ज नहीं. एह तां सोग दे दिन ने.”

जयंती, आणि सुतकाचे दिवस?

हे दुसऱ्या कुणाला इतकं लागलं नसतं. मला लागलं, कारण मी नांदेडची. पुण्यात कुणी सरदारजींवरचा विनोद सांगायला लागलं की मी अंगात आल्यासारखी भांडते. शिखांबद्दल काही बोलणं निघालं की मी खुर्ची पुढे ओढून बसते, जणू काही गुरुद्वाऱ्याची किल्ली आमच्याच घरात टांगलेली असते. आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर एक सरदार मुलगी होती, ती माझ्याहून चांगलं मराठी बोलायची आणि माझ्यापेक्षा वाईट पंजाबी. पिढ्यान्‌पिढ्या गोदाकाठी राहिलेली ही दखनी शीख माणसं. दसऱ्याला आम्ही सोनं लुटायच्या आधी हल्लाबोलाची मिरवणूक बघायला जायचो. अजून आठवतं ते असं : घोड्याच्या लिदीचा आणि झेंडूचा एकत्र वास, निळे झगे, कमरेपासून वर फक्त पोलाद, आणि अरदास, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, संपल्या क्षणी गर्दीतून उठलेला तो आवाज, ज्यानं बाबांचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. मग तलवारी उपसून सगळे धावत सुटायचे. दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नान. गोदावरीचं पाणी घागरींनी वर न्यायचं, तख्त धुवायचं, गुरूंची शस्त्रं उजळायची. आम्ही घरात पितळी समया चिंचेनं घासत असू तेव्हा तिकडे तलवारी घासल्या जात. १७०८ साली ज्या जागी दहाव्या गुरूंनी, गोविंदसिंहांनी, देह ठेवला आणि पुढं ग्रंथालाच गुरू मानायला सांगितलं, त्या जागेपासून सायकलनं दहा मिनिटांवर मी वाढले. तर मला कोण शिकवणार?

दुपारी आईला फोन लावला. “सोग?” आई म्हणाली. “अगं, इथं गुरुद्वाऱ्याला रोषणाई केलीय, रात्री नुसतं चमकायलंय. तुझ्या ऐकण्यात चूक झाली असंल.” मग तिनं तिचा नेहमीचा हुकमी प्रश्न विचारला, “आज पौष शुद्ध सप्तमी हाय ना? मग झालं की.” आईच्या लेखी सप्तमी म्हटली की वाद संपतो. तारीख तिला सिलेंडर आणि पेन्शनपुरती लागते. माझा वाढदिवस ती वर्षातून दोनदा करते. तारखेच्या दिवशी फोनवर “हॅपी बड्डे” म्हणते, कारण मी म्हणवून घेते. तिथीच्या दिवशी मात्र, मी कुठेही असले तरी, देवापुढे पाट मांडून, त्यावर माझा शाळेतला फोटो ठेवून औक्षण करते. कधी दोन वाढदिवसांत तीन दिवसांचं अंतर असतं, कधी चांगलं वीस दिवसांचं. लहानपणी मला हा आमच्या घराचा विक्षिप्तपणा वाटायचा. मग कळलं, आजोबांचं श्राद्ध तिथीनं, लाइटबिल तारखेनं, असा हा सगळ्याच घरांचा दुहेरी संसार आहे आणि त्यात कुणालाच काही अडचण नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये बीजींचा मुलगा भेटला. मी माफी मागायला लागले तर तो बिचारा माझ्याहून ओशाळला. “नहीं जी, बीजी का ऐसा ही है. सोग नहीं कहते वैसे, चढ़दी कला कहते हैं, मतलब हर हाल में हौसला ऊँचा. पर हमारा गाँव फतेहगढ़ साहिब के पास है ना.” मग स्कूटरला टेकून त्यानं त्या आठवड्याची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण तिला तारखा असतात हे ठाऊक नव्हतं. गुरू गोविंदसिंहांनी आनंदपूरचा किल्ला सोडला, सरसा नदीला पूर, त्या रात्री कुटुंबाची ताटातूट. थोरले दोघे साहिबजादे, म्हणजे गुरूंचे मुलगे, चमकौरच्या गढीत लढून पडले, ते ८ पोह. धाकटे दोघे आजीबरोबर, माता गुजरींबरोबर, सरहिंदच्या, म्हणजे आजच्या फतेहगढ साहिबच्या, ठंड्या बुरुजात. पोह म्हणजे आपला पौष, पंजाबातली हाडं फोडणारी थंडी, आणि हवेसाठी चहूकडून उघडा बांधलेला उन्हाळी बुरूज. मोठा नऊ वर्षांचा, धाकटा त्याहून लहान. त्यांना भिंतीत चिणलं, तो दिवस १३ पोह. आजीनंही त्याच बुरुजात प्राण सोडला. “हे सगळे दिवस आमच्याकडे जमिनीवर झोपायचं,” तो म्हणाला. “बीजींच्या गावात पोहमध्ये लग्न ठरवत नाहीत. गोड करत नाहीत. बुरुजात मुलांना चोरून दूध पाजलं मोतीराम मेहरांनी, म्हणून त्या रस्त्यावर आजही दुधाचा लंगर असतो.”

मला चहा का मिळाला नाही, ते कळलं.

रात्रभर डोक्यात एकच गुंता. पोरांचे दिवस आणि बापाचा जन्मदिवस एकमेकांवर येतातच कसे? दरवर्षी आले असते तर लोकांनी काहीतरी तोड काढली असती. गुंता सुटला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात हसले, कारण उत्तर आमच्याच घरात होतं. बापाचा जन्मदिवस पाळतात चंद्रावर, पौष शुद्ध सप्तमीला. मुलांचे शहीदी दिवस पाळतात सूर्यावर, पोहच्या संक्रांतीपासून दिवस मोजत, आठवा, तेरावा. विक्रम संवताच्या जुन्या जंत्रीत, म्हणजे पंचांगात, या दोन्ही मोजण्या एकाच पानावर सुखानं नांदतात. सूर्याचे दिवस जागच्या जागी उभे राहतात, चंद्राची तिथी मात्र डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मागे-पुढे झोके घेत राहते. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, ती आधी ५ जानेवारीला येऊन गेली होती. पाटण्याला साडेतीनशेवं प्रकाशपर्व, म्हणजे गुरूंचा जन्मोत्सव, झालं ते हेच. मग तीच तिथी त्याच इंग्रजी वर्षात पुन्हा २५ डिसेंबरला आली, ती थेट शहीदी आठवड्यात घुसली. पुढची आली १३ जानेवारी २०१९ ला. म्हणजे २०१७ मध्ये दोन जयंत्या, आणि २०१८ मध्ये एकही नाही! सरकारी सुट्ट्यांची यादी करणाऱ्या कारकुनाचा चेहरा मला डोळ्यांसमोर दिसला.

हीच खोड काढून टाकायला एक माणूस आयुष्यभर बसला होता. पालसिंग पुरेवाल. कॅनडात राहणारे, पेशानं इंजिनियर, २०२२ मध्ये वारले. त्यांनी आधी पाचशे वर्षांची जंत्री मांडून जुन्या नोंदी तपासल्या आणि मग शीखांसाठी निव्वळ सूर्याचं पंचांग आखलं, नानकशाही. वर्ष १ म्हणजे १४६९, गुरू नानकांचं जन्मवर्ष. पहिले पाच महिने ३१ दिवसांचे, उरलेले ३० चे, शेवटचा फागुन लीप वर्षी ३१ चा. चेत दरवर्षी १४ मार्चला, वैसाख १४ एप्रिलला, पोह १४ डिसेंबरला, माघ १३ जानेवारीला, कायमचं. दहाव्या गुरूंचा जन्मदिवस २३ पोह, म्हणजे नेहमी ५ जानेवारी. धाकट्या साहिबजाद्यांचा १३ पोह, म्हणजे नेहमी २६ डिसेंबर. बाप आणि मुलं यांच्यामध्ये कायम दहा दिवस. २००३ मध्ये पंजाबातले गुरुद्वारे सांभाळणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं हे पंचांग लागू केलं. पण नांदेडच्या आमच्या हजूरसाहिबनं आणि पाटणासाहिबनं जुनी जंत्री सोडली नाही. २०१० मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, संक्रांती पुन्हा विक्रम संवताच्या हिशेबावर गेल्या, काही गुरुपर्व पुन्हा चंद्राच्या ताब्यात. ज्यांना पुरेवालांचं मूळ पंचांग पटलं होतं ते त्याला ‘मूल नानकशाही’ म्हणत त्यावरच राहिले. गंमत अशी की ज्यांच्या नावानं हे पंचांग आहे त्या नानकांच्या जयंतीला पुरेवालांच्या पंचांगातही सूट द्यावी लागली. ती कार्तिकी पौर्णिमेलाच राहिली. दिवाळीचा बंदीछोड दिवस आणि होळीनंतरचा होला मोहल्ला, या दोघांनीही चंद्र सोडायला नकार दिला. कागदावर सूर्य जिंकला तरी पौर्णिमेच्या रात्री लोकांना पौर्णिमाच हवी असते. त्यात मी कुणाला काय दोष देऊ?

पुरेवालांचा मूळ मुद्दा नुसता सोयीचा नव्हता, हे मला संक्रांतीमुळे समजलं. आपल्या सणांत एक संक्रांतच तेवढी तारखेनं येते, एवढं तर शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण हल्ली ती मधूनच १५ जानेवारीला जाते आणि बायकांची धांदल उडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती. दीडशे वर्षांत सण तीन दिवस सरकला. आणखी मागे जा. पानिपतावर संक्रांत कोसळली असं आपण म्हणतो, तो दिवस १४ जानेवारी १७६१. पण हिशेब मांडला तर त्या साली मकरसंक्रांत येते १० जानेवारीच्या आसपास. त्या बुधवारी गिलच्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांची संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते, संक्रांत आपण त्यांच्यावर मागाहून ढकलली! सूर्यसिद्धान्ताचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठं. वर्षाला चोवीस मिनिटं कुणाला जाणवतात? साठ वर्षांत मात्र तो अख्खा एक दिवस होतो. १६९९ ची वैशाखी, जिच्यावर शिखांचा खालसा पंथ उभा राहिला, ती तेव्हाच्या जुन्या इंग्रजी (ज्युलियन) तारखेनं मार्चअखेरीस, म्हणजे आत्ताच्या हिशेबानं ८-९ एप्रिलच्या सुमाराला आली होती. आज १३-१४ एप्रिल. असंच चालू राहिलं तर काही हजार वर्षांनी गव्हाची कापणी होऊन, भुसा उडून, पेरणीची नांगरट सुरू होईल आणि वैशाखी अजून यायची असेल. पुरेवालांना ती वैशाखी गव्हाच्या कणसाशी कायमची बांधून ठेवायची होती. आपल्याकडेही १९५७ मध्ये हाच विचार करून राष्ट्रीय पंचांग केलं, २२ मार्चला चैत्र सुरू होणारं. आकाशवाणीवर निवेदक अजून त्याची तारीख सांगतो आणि आम्ही तेवढ्यात चहात साखर घालतो.

डोक्यानं मी पुरेवालांच्या बाजूची आहे, हे कबूल करते. पण मी ज्या राज्यात राहते तिथं शिवजयंती १९ फेब्रुवारीला की फाल्गुन वद्य तृतीयेला, यावर दरवर्षी दोन मिरवणुका निघतात, आणि दोन्हींत माझे चुलतभाऊ फेटा बांधून असतात. टिळकांनी पंचांगशुद्धीचा ध्यास घेतला, त्यांच्या नावाचं पंचांग निघालं, आणि अजूनही अधिक महिन्याच्या एखाद्या वर्षी कोकणातल्या काही घरांत गणपती सगळ्यांच्या महिनाभर आधी येऊन जातो. शेजारच्या घरात श्रावण आणि आपल्याकडे मोदक! शुद्ध गणित करणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे एकटेपण येतंच. पुरेवालांबद्दल वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की या माणसानं पाचशे वर्षांचा एक-एक दिवस तपासून बरोबर जागी ठेवला आणि लोकांनी तो उचलून पुन्हा आपापल्या आजीच्या जागी नेऊन ठेवला.

बीजींना मी पुढे हे सगळं विचारलं. त्यांच्या माहेरी दोन गुरुद्वारे. एक जुन्या जंत्रीचा, एक नव्या. एकच गुरुपर्व दोन वेगवेगळ्या दिवशी. “फिर?” मी विचारलं. “फिर की?” त्या म्हणाल्या, “बच्चे खुश. दो वार कड़ाह.” दोन वेळा प्रसादाचा शिरा. पण डिसेंबरमध्ये मात्र त्यांचं मन हलत नाही. त्यांच्या गावावरून फतेहगढ साहिबचा रस्ता जातो. जोड मेळ्याच्या, म्हणजे तिथल्या शहीदी जत्रेच्या, दिवसांत धुकं इतकं दाट की ट्रॅक्टरची ट्रॉली आधी ऐकू येते, मग दिसते. शेतांच्या कडेनं सरसोंची पिवळी धार आणि त्या धुक्यात कुणीतरी कढई लावलेली. साधी डाळ, रोटी, दूध. त्यांच्या सासूनं त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पोहात सांगितलं होतं, पोरं बुरुजात आहेत, आपण गादीवर नाही झोपायचं. “आहेत” म्हणाली सासू. होती नाही. हे सांगताना बीजी मटार सोलत होत्या आणि दाणे ताटात पडल्याचा आवाज येत होता. मुलगा आतल्या खोलीतून म्हणाला, “बीजी, शहीदांचा शोक नसतो करायचा.” बीजी म्हणाल्या, “तू ना कर.”

५ जानेवारी २०१८ च्या सकाळी आमची बेल वाजली. दारात बीजी, आंघोळ करून, डोक्यावर केशरी दुपट्टा. हातात माझाच डबा. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, त्यांच्याकडेही नाही. आत कडाह प्रसाद, अजून गरम, तुपाची कड सुटलेली. “हुण वधाई दे,” त्या म्हणाल्या. मी दिली. माझ्या कॅलेंडरात त्या चौकोनात जयंतीचं काहीच छापलेलं नव्हतं, एक वांझोटा शुक्रवार. मी डब्यातला घास तोंडात टाकला आणि मनात आलं, माझा हलवा त्या दिवशी कुणी खाल्ला असेल? विचारायचा धीर झाला नाही. पुढे कित्येक महिन्यांनी सुनेनं सांगितलं, त्यांनी तो वॉचमनच्या मुलांना दिला होता. गरम करून, वाटीत घालून.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर अधूनमधून कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात जाऊ लागले, संग्रांदीला. संग्रांद म्हणजे त्यांची दर महिन्याची संक्रांत. सूर्य रास बदलतो त्या दिवशी बारामाह वाचतात, पाचव्या गुरूंनी ‘माझ’ नावाच्या रागात रचलेला, त्यातलं त्या महिन्याचं पद. मंडपात ओल्या पायांचा आणि तुपाचा वास, पंख्याखाली हलणारे दुपट्टे, आणि रागी, म्हणजे तिथला कीर्तनकार, त्या महिन्याचं नाव उच्चारतो तेव्हा म्हाताऱ्या बायका मान डोलावतात, जणू काही माहेरच्या कुणाचं नाव ऐकलं. महिना ऐकून घ्यायचा, ही कल्पनाच मला आवडली. आपण महिना भिंतीवर उलटतो. हेही खरं की तिसऱ्या गुरूंनी तिथी-वारांची पूजा करणाऱ्यांना मूर्ख म्हणून मोकळं केलंय. म्हणजे जिथं शुभ-अशुभ दिवस मुळात नाहीतच, त्या धर्मात दिवस कुठला यावर वीस वर्षं वाद! हे मी एकदा बीजींच्या मुलाला हसत म्हटलं. तो हसला नाही. म्हणाला, “तेच तर. दिवस शुभ म्हणून नाही, आमचा म्हणून पाहिजे.” याच्यावर मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही.

मग एक दिवस नामदेव निघाले. निघणारच होते. ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत, हे मी मान ताठ करून बीजींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “भगत नामदेव जी? घुमाण वाले?” पंढरपूरवाले म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला २०१५ मध्ये आपलं साहित्य संमेलन झालं तेव्हा गाड्या भरभरून लोक गेले होते. माझी एक मावशी जाऊन आली, तिनं तिथल्या लस्सीचं वर्णन महिनाभर केलं. आपले नामदेव आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपुरात, महाद्वाराच्या पायरीशी समाधिस्थ झाले. घुमानमध्ये त्यांची आठवण २ माघला करतात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, थंडीत. पंढरपूरचे नामदेव चंद्रावर गेले, घुमानचे सूर्यावर. एकाच माणसाच्या जाण्यात सहा महिन्यांचं अंतर, आणि मधे पाऊस, शरद, हेमंत, सगळं. मी हे बीजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, “चंगा है. दो वार याद करदे ने.”

गेल्या डिसेंबरात ते पुन्हा झालं. २७ डिसेंबर २०२५, शनिवार. आठ वर्षांनी चंद्र फिरून जवळपास त्याच जागी आला. कॅलेंडरात २६ च्या चौकोनात आता ‘वीर बाल दिवस’ छापतात, २०२२ पासून सरकार तो पाळतं, आणि त्याच्याच शेजारच्या चौकोनात ‘गुरु गोविंदसिंह जयंती’. बाप आणि मुलं भिंतीवर खांद्याला खांदा लावून. जुन्या जंत्रीच्या हिशेबानं तर तेरावा पोहही त्याच शनिवारी येत होता. या २०२६ च्या कॅलेंडरात मात्र ही जयंती शोधू नका, ती थेट पुढच्या जानेवारीत आहे.

गाजरं मी त्या दिवशी आणलीच नाहीत. बीजी आता ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, जमिनीवर बसल्या की उठवायला दोघं लागतात. डॉक्टरांनी बजावलं, मुलानं हात जोडले. शेवटी पलंगावरची गादी काढून नुसत्या फळीवर रजई घालायची, अशी तडजोड झाली होती. मी जाऊन सतरंजीवर बसले. टीव्ही तसाच बारीक. “तेरे कलंडर विच अज्ज की लिखिया है?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “अच्छा,” त्या म्हणाल्या आणि उशीखालून जपमाळ काढली. सुनेनं दूध आणलं. स्टीलच्या पेल्याला हात लाववत नव्हता, मी ओढणीच्या टोकानं धरला. खाली नाताळच्या उरलेल्या दिव्यांच्या माळा लुकलुकत होत्या, कुणाच्या तरी घरात मिक्सर फिरत होता. बीजींनी माझा पेला रिकामा होईपर्यंत वाट बघितली.

घरी आले तर आईचा फोन. मागे लाउडस्पीकरवरचं कीर्तन ऐकू येत होतं, नांदेडला दिवाळी असावी तसा गलका. “आज जयंती ना त्यांची,” आई म्हणाली. “बीजींना नेऊन दिलंस का काही गोडधोड?”

“नाही गं. दूध पिऊन आले नुसतं.”

आई क्षणभर थांबली. तिच्या डोक्यात पंचांगाचं पान उलटल्याचं मला इकडे ऐकू आलं.

“नुसतं दूध? आज तर सप्तमी. उपास कशाचा करायलीस?”